खालच्या मजल्याचं पाणी

मला पहिल्यांदा कुणी 'मालक' म्हणालं तेव्हा मी मागं वळून पाहिलं होतं. चिकलठाण्याच्या कंपनीत पंचवीस वर्षं मी कुणाच्या ना कुणाच्या हाताखाली, आणि शहरात आल्यापासून चार घरं बदललेला भाडेकरू. आपण कुणाचे मालक होऊ असं कधी डोक्यातच आलं नव्हतं. म्हणणारा माणूस माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठा. पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, काखेत फाईल. कोर्टात बेलिफ होता, म्हणजे हुकूम घेऊन लोकांच्या घराचा, जमिनीचा ताबा घ्यायला जाणारा. आता निवृत्त झालेला. "मालक, खोल्या दाखवता का?" म्हणाला, आणि मी तिथंच विरघळलो. पुढं जे काही झालं ते त्या एका शब्दाला भुलल्यामुळं झालं, असं माझी बायको आजही म्हणते.

खोल्या म्हणजे खालच्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. वर आम्ही राहतो. खालचं मी बांधलं होतं मायसाठी. माय गंगापूरकडं गावात एकटी, शेत बटईनं दिलेलं, वय झालेलं. तिला जिना नको म्हणून खाली, तिची उंची कमी म्हणून ओटा चार बोटं खाली, तिला बाहेर बसायला आवडतं म्हणून दारापुढं रुंद पायरी. गवंड्याच्या उरावर बसून मी ते करून घेतलं होतं. वास्तुशांतीला माय आली, बारा दिवस राहिली आणि म्हणाली, "लई चांगलं बांधलंस बाबा. पर इथं मला कुणी हाक मारणारं नाय." अन् गेली परत. मी दोन-तीनदा म्हटलं, राहा. चौथ्यांदा म्हटलं नाही. दुसऱ्या महिन्यात बायकोनं विषय काढला की खोल्या नुसत्या धूळ खात आहेत, आणि मी व्हय म्हणालो. किती पटकन व्हय म्हणालो, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

तर बेलिफकाका. राहायला यायच्या आधी त्यांनी पंचनामा केला. मी थट्टा करत नाही, खरोखर पंचनामा. कागदाचा पॅड घेऊन खोल्याखोल्यांतून फिरले आणि लिहीत गेले. पुढच्या खोलीत खिडकीची एक कडी ढिली. मोरीच्या फरशीला उजवीकडं चीर, बोटाएवढी. ओटा नेहमीपेक्षा खाली. "ओटा खाली का?" मी सांगितलं, आईसाठी. त्यांनी तेही लिहिलं आणि माझी सही घेतली. करारनामा तर त्यांनी मला ओळ न् ओळ वाचून दाखवला. कोणत्याही बाजूनं सोडायचं तर एक महिन्याची लेखी नोटीस, ही ओळ त्यांनी दोनदा वाचली. मी चहाकडं बघत होतो. बोट ठेवलं तिथं सही केली.

भाड्याचं म्हणाल तर या माणसानं एक तारीख कधी दोन होऊ दिली नाही. त्रास दुसराच. चिठ्ठ्या. आमच्या दाराच्या फटीतून आत सरकवलेली घडी, वर 'माननीय घरमालक यांस'. आपला मिक्सर पहाटे साडेपाचला सुरू होतो, तो साडेसहानंतर लावावा. आपल्या कुंड्यांचं पाणी आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडतं. आपल्या पाहुण्यांची गाडी दसऱ्याच्या दिवशी आमच्या पायरीला लागून उभी होती, सकाळी दहा ते सायंकाळी पाच. खाली सही, तारीख. एकाच फाटकातून दिवसातून दहादा समोरासमोर येणारी माणसं आम्ही, पण तोंडानं बोलायचं नाही. भेटले की नुसतं "नमस्कार मालक", आणि पंधरा मिनिटांनी फटीतून चिठ्ठी. माझ्या डोक्यात तिडीक जायची. स्वतःच्या घरात मी जिना चढताना पाय हळू टाकायला लागलो होतो. बायको हसायची. "लई हौस होती ना मालक व्हायची? घ्या आता."

काकू मात्र वेगळ्या. गुडघे गेलेले, भिंतीला धरून चालायच्या, पण पुरणपोळी केली की वर दोन यायच्याच. जिना चढता यायचा नाही म्हणून खालून हाक मारायच्या. मी घ्यायला गेलो की म्हणायच्या, "ह्यांचं मनावर घेऊ नका हो. जन्मभर कागद धरला, आता सुटत नाही."

कापूस वेचणीच्या दिवसांत मायनं गोठ्यापुढं पाय घसरून आपटी खाल्ली. खुब्याचं हाड मोडलं. गावातल्या लोकांनी जीपमध्ये आडवं घालून तिला शहरात आणलं, ऑपरेशन झालं, नीट झालं. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. आठ-दहा दिवसांत सोडू, म्हणाले, पण तीन महिने जिना नाही, आणि गावात एकटं तर मुळीच नाही. मी मान डोलावली. गाडीवरून घरी येताना मी त्या खालच्या पायरीवर मायला बसलेलं बघतसुद्धा होतो. इतकं सोपं वाटलं होतं मला.

तसाच खाली गेलो. काकांनी खुर्ची दिली, मायची तब्येत विचारली, काकूंनी चहा ठेवला. मी सांगितलं, काका, असं असं आहे, खोल्या लागतील, आठ दिवसांत.

"लेखी द्या," ते म्हणाले. "आजची तारीख टाका. आजपासून एक महिन्यानं ताबा देतो. एक दिवस वर जाणार नाही."

"काका, आईला आठ दिवसांत सोडणार आहेत."

"मला घर शोधावं लागेल मालक. हिला खालचंच पाहिजे. आणि म्हातारा-म्हातारी बघून लोक नाही म्हणतात. तुम्ही नाही म्हणाला नव्हता, म्हणून इथं आलो." मग म्हणाले, "एक करता येईल. पुढची खोली मोकळी करतो. आमचं सामान मागं घेऊ. आईसाहेबांना तिथं आणा. हिलाही सोबत होईल. तसं दोन ओळींत लिहून घेऊ."

आज विचार केला तर याहून चांगला मार्ग कुणी सुचवला नसता. पण मला त्या क्षणी काय ऐकू आलं? माझ्या घरात, माझ्या आईसाठी मी बांधलेल्या खोलीत, हा माणूस तिला जागा देणार, आणि वर लिहून घेणार. माझं रक्त तापलं. मी म्हणालो, "माझ्या आईला माझ्याच घरात तुमच्या उपकारावर ठेवू का? लिहून घ्यायचंय म्हणे. घरात आसरा दिला, आता डोक्यावर बसलात." चहा तसाच ठेवून मी उठलो. काकू ओट्यापाशी उभ्या होत्या, त्यांच्याकडं मी पाहिलंही नाही.

आमच्या भागात नळ आठवड्यातून एकदा येतो, कधी दहा दिवसांनीही. आला की सगळी कॉलनी हातातलं काम सोडते. हौद भरायचा, मोटार लावून पाणी गच्चीवर चढवायचं. गच्चीवर दोन टाक्या, एक वरच्या मजल्याची, एक खालच्या. दोन्हींचे कॉक गच्चीवरच आहेत आणि गच्चीची किल्ली माझ्याकडं. शहरात ज्यानं कुणी भाडेकरू ठेवलाय त्याला ही युक्ती माहीत असते. कुणी बोलून दाखवत नाही, पण माहीत असते. मी भाडेकरू होतो तेव्हा एका मालकानं माझ्यावर ती वापरली होती. तेव्हा मी त्याला काय काय शिव्या दिल्या होत्या, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर गेलो आणि खालच्या टाकीचा कॉक बंद केला. चार आट्यांचं काम. बायकोला सांगितलं, खालच्या पाइपात काहीतरी अडकलंय. तिनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "अहो, म्हातारी माणसं आहेत ती." मी म्हणालो, माझी आई काय तरणी आहे का? ती आत निघून गेली. मला वाटलं आपण जिंकलो.

मी चिठ्ठीची वाट बघत होतो. खरं सांगतो, उत्तरसुद्धा तयार ठेवलं होतं. चिठ्ठी आलीच नाही. काका दोन कॅन घेऊन समोरच्या बोअरवर जाऊ लागले. सकाळी मी गॅलरीत चहा पीत उभा, आणि खाली हा सदऱ्याच्या बाह्या दुमडलेला माणूस रस्ता ओलांडतोय. भरलेले कॅन घेऊन येताना तीनदा थांबायचा. पहिल्या दिवशी मला बरं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण बरं वाटलं. आता कळेल मालक कोण ते, असंच काहीतरी मनात आलं. दुसऱ्या दिवशी मी चहा आत बसून प्यालो.

तिसऱ्या दिवशी खाली उतरून विचारलं, "काय ठरलं मग?" काका पायरीवर कॅन टेकवून दम खात होते. त्यांनी आधी श्वास पुरा केला.

"मालक, तीस वर्षं मी लोकांची घरं रिकामी केली," ते म्हणाले. "हुकूम असायचा, सोबत पोलीस असायचे, बायका रडायच्या. तरी घर रिकामं करायची एक रीत असते. आधी जड सामान काढायचं. मग कपडे, भांडी. देव त्यांचे त्यांना काढू द्यायचे, आपण हात लावायचा नाही. आणि पाण्याची घागर सगळ्यात शेवटी. तोवर घरातल्या ज्याला तहान लागली त्यानं प्यावं. हे हुकुमात लिहिलेलं नसतं. मला माझ्या आधीच्या बेलिफनं शिकवलं, मी माझ्या नंतरच्याला. मी वाईट माणूस असेन, ज्यांची घरं गेली त्यांना विचाराल तर ते हेच सांगतील. पण घर रिकामं व्हायच्या आत मी कुणाची घागर उचलली नाही." एवढं बोलून त्यांनी कॅन उचलले आणि आत गेले. आवाज चढवला नाही की काही नाही.

त्याच पावली गच्चीवर जाऊन मी कॉक उघडायला हवा होता. मी गेलोही. हात ठेवला त्याच्यावर. मग वाटलं, आता उघडला तर हा माणूस म्हणणार, बघा, बोललो आणि उघडलं. एवढ्यासाठी उघडला नाही. माणसाची जिद्द किती फालतू गोष्टीवर अडते, हे मी त्या दिवशी स्वतःत बघितलं. खाली आलो, डबा घेतला, कंपनीत गेलो.

आता एक गोष्ट मला माहीत नव्हती. काकू मायला भेटायला दवाखान्यात जात होत्या. दसऱ्याला माय दिवसभर आली होती तेव्हा दोघींची जुजबी ओळख झाली होती तेवढीच. मी कंपनीत, बायको सकाळी जाऊन आलेली, अशा मधल्या वेळी काकू रिक्षा करून मऊ खिचडी घेऊन जायच्या, तासभर बसायच्या. मी त्यांचं पाणी तोडल्यावरही गेल्या. फक्त येताना रिकामा कॅन आणायच्या आणि जाताना दाराबाहेरच्या फिल्टरवर भरून घ्यायच्या. मायची खाट दारासमोरच होती.

संध्याकाळी मी गेलो तेव्हा माय उशीला टेकून बसली होती. मी मोसंबी सोलायला घेतली. तिनं विचारलं, "तुमच्या वर पाणी येतंय का रं?"

"येतंय की."

"अन् खाली?"

मी मोसंबी सोलत राहिलो.

"ती बाई दवाखान्यातून पाणी भरून नेती," माय म्हणाली. "म्या इचारलं, घरी नाय का? म्हणली, जरा ओढ हाय. म्या म्हणलं, वरच्यांना बी ओढ हाय का? तर काय बोलली नाय. डबा उचलला अन् गेली."

मी म्हणालो, "माय, तुझ्यासाठीच केलं. तुला आणायचंय घरी. ते लोक हलत नाहीत."

माझ्या तोंडून हे निघालं आणि मला वाटलं आता ती समजून घेईल. मायला कूस बदलता येत नव्हती, म्हणून तिनं डोळे मिटून घेतले. मी मोसंबीच्या फोडी बशीत लावल्या. तिनं एकही घेतली नाही. मी निघेपर्यंत डोळे उघडले नाहीत.

घरी आलो तो थेट गच्चीवर. कॉक उघडला. खाली जाऊन काकांच्या दारात उभा राहिलो आणि म्हणालो, काका, माझं चुकलं. पाय धरायला वाकलो तर त्यांनी खांद्याला धरून थांबवलं. "चालायचं," म्हणाले. काकू आतून म्हणाल्या, "पुढची खोली मी झाडून ठेवलीये. आईंना आणा." लिहून घ्यायचं कुणी नाव काढलं नाही. दुसऱ्या दिवशी मी मायसाठी गादी आणली, खिडकीची ढिली कडी बसवली, खोलीतच सोय व्हावी म्हणून कमोडची खुर्ची घेऊन आलो. इतक्या उत्साहानं तर मी घर बांधतानाही काम केलं नव्हतं.

सोडायच्या दिवशी धाकटी बहीण आणि तिचा नवरा करमाडहून आले होते. मला वाटलं भेटायला. मायला अँब्युलन्समध्ये ठेवलं, मी पुढं ड्रायव्हरजवळ बसून पत्ता सांगायला लागलो. मागून मायचा आवाज आला, "करमाडला घ्या." ड्रायव्हर माझ्याकडं बघायला लागला. मी मागं वळलो. बहीण खाली मान घालून तिच्या पायावरची चादर सारखी करत होती. त्यांचं आधीच ठरलं होतं. बहिणीचं घर म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या, न्हाणी अंगणात, माणसं पाच. मी म्हणालो, "माय, सगळी तयारी केलीये. पाणीबी सुरू केलं." ती म्हणाली, "चांगलं केलंस." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडलो असतो, रडलो असतो, काहीतरी केलं असतं. जालना रोडनं जाताना आमच्या कॉलनीचा फाटा आला आणि मागं पडला. 

काका-काकू बोलल्याप्रमाणं बरोबर एका महिन्यानं गेले. मी त्यांना राहा म्हणालो, खूप म्हणालो. ते म्हणाले, घर मिळालंय, शब्द दिलाय. किल्ली हातात दिली, माझी सही घेतली. जाताना काकूंनी वरच्या मजल्याकडं तोंड करून बायकोला हाक मारली आणि दोघी जिन्याच्या पायथ्याशी गळ्यात पडून रडल्या. मी ट्रकच्या मागं उभा राहून दोऱ्या आवळत होतो.

पुढं बरेच जण खोल्या बघायला आले. एक नर्स, एक नवरा-बायको. मी प्रत्येकाला नाही म्हणालो. बायको म्हणाली, आता काय कुलपाची पूजा करायची का? मी म्हणालो, मायसाठी ठेवल्यात. दर रविवारी मी करमाडला जातो. माय आता काठी धरून अंगणात फिरते. माझ्याशी बोलते, हसते, माझ्या पोटावरून चिडवते. कुठल्याही बाजूनं बघा, आमचं काही बिनसलेलं दिसणार नाही. फक्त मी 'चल' म्हटलं की ती बहिणीच्या लेकीची वेणी घालायला घेते.

मागच्या रविवारी मी हट्टाला पेटलो. म्हणालो, "डॉक्टरनं आता सगळी मोकळीक दिलीये. खोल्या रिकाम्या आहेत. तुझ्यासाठीच रिकाम्या ठेवल्यात मी."

"नको ठेवू," ती म्हणाली. "कुणाला तरी दे. घर असं बंद ठेवू नये."

"तुझ्यासाठी बांधल्यात माय."

"व्हय. म्या बारा दिसांनी परत गेले, अन् तू दुसऱ्याच महिन्यात दिल्या. त्याचं मला काय वाटलं नाय. रिकामं घर कोण ठेवतंय." तिनं काठी भिंतीला लावली आणि हळूहळू बाजेवर टेकली. "पर त्या म्हाताऱ्यांचं पाणी तोडलंस, ते माझं नाव घेऊन तोडलंस. लोकांनी इचारलं असतं, कशापायी, तर तू म्हणला असतास, मायपायी. म्या तिथं येऊन गिलासभर पाणी तोंडाला लावलं की व्हय म्हणल्यासारखं व्हतंय बघ."

 बहिणीनं दोघांना चहा आणून दिला. माय तिचा कप बशीत ओतून फुंकत होती. मी म्हणालो, "मग काय करू, सांग." ती म्हणाली, "काय करणार? येत जा की असाच रविवारी." मी चहा संपवला, तिच्या गोळ्या मोजून डबीत भरल्या आणि निघालो.